'कोसला' : बापाने वाचावी की मुलाने?



भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. पण साठ वर्षे उलटून गेली तरी या पुस्तकाविषयी वाचकांचे एकमत झालेले नाही. बाप आणि मुलगा दोघेही वाचतात अशा घरात तर दोन पक्ष पडतातच.

हकीकत थोडक्यात अशी. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो. बाप खाऊनपिऊन सुखी शेतकरी. तो पैसे पुरवतो. मुलगा वसतिगृहात राहतो, मित्र जमवतो, नसते मानाचे उद्योग अंगावर घेतो, पैसा उडवतो, नापास होतो आणि अखेर गावी परततो. मध्ये त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते.

'यात घडते काय?' असे विचारणारा वाचक पहिल्यापासून आहे. भाषा पोरांच्या गप्पांची, मधेच रोजनिशी, मधेच इतिहासकारांची नक्कल. याला कादंबरी म्हणायचे कशी? तरुणांना नेमके हेच आवडले. पुस्तकातला तरुण पहिल्यांदाच त्यांच्यासारखा बोलत होता. सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय'शी तिची तुलना पुष्कळांनी केली. मला ती फार दूरवर नेता येईल असे वाटत नाही. न्यूयॉर्कच्या त्या मुलाच्या गोष्टीत आईबाप जवळजवळ दिसतच नाहीत. इथे बाप सतत डोक्यावर उभा आहे. शेतात पिकलेला त्याचा पैसा आणि मुलाच्या मनातली त्याची भीती, यांवर अर्धे पुस्तक उभे आहे.

पालकांचा आक्षेप निराळा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे पुस्तक पोरांना नापास व्हायला शिकवते, असे ते म्हणतात. पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मुस्लिम मुलामुलींचे प्रमाण इतरांहून कमी आहे, हे २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवले. मालेगावात यंत्रमागापुढे दिवसभर उभा राहणारा बाप मुलाला कॉलेजात धाडतो, तेव्हा त्याच्यामागे सांगवीसारखी शेती नसते. पांडुरंगाला परतायला घर आणि जमीन होती. आपल्या मुलाने परतायचे कुठे? या हिशेबाने पालक बरोबर आहेत, आणि पांडुरंगाला वीर मानून हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो हिशेब एकदा मांडून पाहावा. लेखक स्वतःही पांडुरंगाला कुठे सोडतो? त्याच्या बढाईला तो पानोपानी हसतो.

पण अब्बाजान, तुम्हीही एक पाहा. हा मुलगा आळशीपणाने बुडत नाही. पुण्यात आपण कोण, हेच त्याला उमगत नाही. गावाकडचे बोलणे तिथे चालत नाही आणि तिथले बोलणे घरी चालत नाही. बापाशी विषय निघतो तो पैशाचा आणि निकालाचा. रेशमाचा किडा ज्या वेष्टनात स्वतःला गुंडाळून घेतो, ते कोसला; हे नाव पुस्तकाला उगाच दिलेले नाही. आपला मुलगा सुट्टीत घरी येऊन गप्प बसतो, तेव्हा त्या गप्प बसण्यात काय काय असते, हे मला तरी दुसऱ्या मराठी पुस्तकाने इतके दाखवलेले नाही.

राहिल्या मुली. या वादात त्यांचे मत फारसे कोणी विचारले नाही. मनीचा मृत्यू येतो तिथे पांडुरंगाची सगळी थट्टा बंद पडते, आणि पुस्तक न आवडणारा वाचकही तिथे थांबतो. देवीचा शेवटचा देशी रुग्ण भारतात १९७५ साली सापडला. आजच्या मुलींना हा रोग ऐकूनच माहीत. परंतु घरचा पैसा पुण्याला गेला तो पांडुरंगासाठी. मनी वाचली असती, तर तिच्यासाठी तो निघाला असता का? आमच्या विद्यार्थिनींनी पुस्तक वाचून आधी हा प्रश्न घरी विचारावा, आणि अब्बांनी उत्तर द्यावे.