पिल्लू २५ हजारांचं, बिल आठ लाखांचं: कचारगडच्या उन्हात गोल्डन रिट्रीव्हर

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज थोडा कमी करा, आज मागे मधूनमधून भुंकणं ऐकू येईल. तो मोहू. आमचा गोल्डन रिट्रीव्हर, वय चार वर्षं, वजन ३१ किलो. रंग वाळलेल्या मोहफुलासारखा, म्हणून नाव मोहू.

तर विषय असा. सालेकसा तालुक्यातल्याच एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणतो, "भाऊ, पुण्यात जॉब लागला. पहिल्या पगारातून गोल्डनचं पिल्लू घेऊन गावी आई-बाबांजवळ ठेवतो. त्यांना पण सोबत होईल. महिन्याला किती खर्च येते?"

प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तराला मला अख्खा एपिसोड लागतोय, कारण त्या मेसेजमध्ये पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट लपलेली आहे. तिच्याकडे येतो.

आधी हे फॅड येतं कुठून ते बघू. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे जाणारा पग आला आणि देशभर लोक पग शोधत सुटले. चपट्या नाकामुळे उन्हात त्या बिचाऱ्याला धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कोण सांगणार? आज तेच काम रील करतं. रीलमधला गोल्डन टाइल्सच्या फरशीवर, एसीत, तीस सेकंद हसतो. उरलेले तेवीस तास एकोणसाठ मिनिटं तीस सेकंद कोणी शूट करत नाही.

ही जात तयार झाली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात. लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या जमीनदाराने १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली. शिकारीत पडलेला पक्षी थंड पाण्यातून, चिखलातून अलगद तोंडात धरून आणायचा, हे त्याचं काम. त्यासाठी अंगावर दोन थरांचे केस: वरचे लांब, पाणी झटकणारे, आतले बारीक, दाट, लोकरीसारखे. तिकडे भर उन्हाळ्यातही पारा पंधरा-वीस अंशांच्या आसपास. आणि आपल्याकडे? मी कचारगडच्या पायथ्याच्या एका गावातून बोलतोय. मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यात ४४-४५ अंश म्हणजे बातमीसुद्धा नाही.

आता जरा इंजिनिअरसारखं बोलतो, सहन करा. माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गादीला, तोही नावापुरता. त्याचं खरं कूलिंग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंडातलं, श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उष्णता घेऊन जातं. म्हणजे कुत्रा हा चालता-फिरता कूलरच आहे. आपल्या खिडकीतल्या गवताच्या ताट्या लावलेल्या कूलरचं तत्त्व तेच.

आणि विदर्भातल्या माणसाला कूलर शिकवावा लागत नाही. एप्रिल-मे मध्ये हवा कोरडी, कूलर झकास चालतो. जूनमध्ये ढग येतात, पारा ३८ वर उतरतो, पण हवेत ओल भरते आणि कूलर नुसता चिकट वारा फेकतो. कुत्र्याचंही तेच होतं. म्हणून मोहूसाठी सगळ्यात वाईट दिवस मे चे नाहीत, मृगाच्या आधीचे-नंतरचे ते दहा-पंधरा दिवस आहेत. लोक म्हणतात ऊन कमी झालं, चला फिरवून आणू. तिथेच घात होतो.

निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५-१०६ च्या पुढे गेलं की तासा-दोन तासांचा खेळ असतो. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, हिरड्या लालभडक, पाय लटपटणं, उलटी. असं दिसलं तर गाडी शोधत बसू नका. आधी सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, समोर पंखा लावा, मग दवाखान्याची वाट धरा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, खाली उष्णता अडकते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. फोनमध्ये लिहून ठेवा हे.

आणि कृपा करून त्याचं टक्कल करू नका. "केस काढले की गार वाटेल" असं गावात शंभर जण सांगतात. हे दोन थरांचे केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. केस काढायचे नाहीत, विंचरायचे. आठवड्यातून तीन-चारदा, आतली मेलेली लोकर निघेपर्यंत. एका वेळेला पिशवीभर निघते. आमच्या वरणातही कधीकधी निघते, पण तो वेगळा विषय.

बरं, हिशोब. हे माझ्या घरचे आकडे आहेत. तुमचे वरखाली होतील.

खाणं महिन्याला ४,००० रुपये. यात कोरडं फूड, अंडी आणि आठवड्यातून तीन दिवस बिनमसाल्याचं चिकन-भात. घरचं उरलेलं देऊन भागेल असं वाटत असेल तर थांबा: कांदा, लसूण, द्राक्षं-बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषारी. आपली भाजी कांद्याशिवाय होते का? शिवाय मार्च-एप्रिलमध्ये अंगणात मोहफुलं वाळत घातलेली असतात. गोड वासाला हा धावतो, आणि आंबायला लागलेल्या फुलांत अल्कोहोल तयार होतं. महिनाभर आमच्याकडे त्याच्यावर पहारा असतो.

गोचीड न लागण्यासाठी चघळायची गोळी, महिन्याला ९०० च्या आसपास. वर्षाच्या लसी आणि जंताची औषधं मिळून ४,५०० धरा. ब्रश, शाम्पू, कानाचं औषध वगैरे वर्षाला ३,०००. राहिली वीज. एक टनाचा एसी दिवसाला आठ तास चालला तर साधारण आठ युनिट, महिन्याला २४०. शंभर युनिटच्या वरचा दर सगळे आकार धरून युनिटला दहा रुपयांच्या पुढेच जातो. चार महिन्यांचे १०,००० पकडा. लाइन गेली की एसी बंद, म्हणून इन्व्हर्टरवर चालणारा कूलर वेगळा. तो हिशोबात धरलाच नाही.

बेरीज केली: वर्षाला ७६,३००. गोल्डन साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. अकरा वर्षांचे होतात आठ लाख एकोणचाळीस हजार. पिल्लू २५ हजारांना मिळालं असेल तर ती किंमत या रकमेच्या तीन टक्के. घासाघीस लोक त्या तीन टक्क्यांवर करतात.

यात मोठं आजारपण धरलेलं नाही. आणि आपल्या भागात खरा खर्च तिथेच आहे.

गेल्या वर्षी श्रावणात मोहूने दोन दिवस तोंडाला अन्न लावलं नाही. हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. गोचीड ताप, म्हणजे गोचिडीतून रक्तात शिरणारा जंतू. गोळी एक महिना उशिरा मिळाली होती, पार्सल पावसात अडकलं होतं. आपल्या तालुक्यातले पशुवैद्यकीय दवाखाने आहेत ते गाई-म्हशी-शेळ्यांसाठी. डॉक्टरांनी मोहूला तपासलं, ताप मोजला आणि स्पष्ट सांगितलं: रक्ताची तपासणी करा, रक्त चढवायची वेळ येऊ शकते, मोठ्या ठिकाणी न्या. योग्य सल्ला दिला त्यांनी.

मोठं ठिकाण म्हणजे कोणतं? नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५८ सालचं. गोंदियाहूनच नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, आणि आपण गोंदियाच्याही पलीकडे. दुसरा पर्याय आपल्याकडच्या लोकांना पटकन सुचत नाही: छत्तीसगडमध्ये दुर्गजवळ अंजोराला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दरेकसा स्टेशनच्या बाजूने पाहिलं तर ते नागपूरपेक्षा जवळ पडतं. राज्याची सीमा डोक्यात असते, कुत्र्याच्या रक्तात नसते.

रेल्वेने नेऊ म्हणाल, तर नियम ऐका. कुत्रा एसी फर्स्ट क्लासमध्ये अख्खा कूपे किंवा केबिन बुक करून नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. स्लीपर, जनरल, थ्री टायर काहीच चालत नाही. आपल्या छोट्या स्टेशनवरून आजारी कुत्रा न्यायचा म्हणजे गाडी भाड्याने. आम्हाला जाऊन-येऊन साडेपाच हजार लागले. तपासण्या, सलाइन, औषधं, पुन्हा एक फेरी, सगळं मिळून २३ हजार. मोहू वाचला. चौथ्या दिवशी त्याने अर्धी भाकर खाल्ली तेव्हा बाबा देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. त्याआधी "कुत्र्यासाठी एवढा पैसा!" म्हणणारे तेच होते.

अजून एक गोष्ट, माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

पाण्याचं पण सांगतो. गोल्डन पाणी दिसलं की उडी मारणार, रक्तातच आहे. आपला जिल्हा तलावांचा, घरामागे बोडी, पुढे धानाच्या बांध्या. या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. कुत्र्याला होतो, त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. म्हणून लस घेताना त्यात लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना विचाराच. पोहून आला की कातडीपर्यंत कोरडा करा, कान पुसा, नाहीतर केसांखाली जखमा चिघळतात.

रात्री बाहेर बांधायचा नाही, हे तर सांगायलाच नको. जंगल लागून आहे, बिबट येतो. माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेत मी त्याला दाराबाहेर काढत नाही. लाखोंनी गोंड बांधव आपल्या पूर्वजांच्या ठिकाणी दर्शनाला येतात, ढोल-भोंगे दिवसरात्र. ती जागा भक्तांची आहे, कुत्र्याच्या रीलची नाही. एरवीही गुहेकडे त्याला नेत नाही.

आता त्या लपलेल्या गोष्टीकडे. भाऊ, तू पुण्यात राहणार. मे मध्ये मोहूला पहाटे पाचला फिरवावं लागतं, संध्याकाळी आठनंतर पुन्हा. दोन्ही मिळून तास-सव्वा तास. मग विंचरणं, गोचीड शोधणं, पाण्याचं भांडं तीनदा बदलणं, स्वयंपाक वेगळा. माझ्या मोजणीने रोजचे अडीच तास. मी घरून काम करतो, त्यातला बराचसा भाग माझ्याकडे आहे. मी आठवडाभर ऑफिसला गेलो की ते सगळं आईवर येतं. तुझ्या घरी ते कायमचं आईवर जाईल. ती धानाची रोवणी करून येईल आणि मग ३० किलोचा, ओढणारा कुत्रा फिरवायला नेईल? तू महिन्याला पैसे पाठवशील रे. अडीच तास कसे पाठवशील? आणि तिने "हो" म्हटलं असेल तर ते कुत्र्यासाठी म्हटलंय की तुझ्या आनंदासाठी, हे एकदा नीट विचार. फोनवर नको, घरी जाऊन विचार.

त्यांना सोबतच हवी असेल तर आपला गावठी आहे ना! आखूड केस, सडपातळ अंग, या उन्हात पिढ्यान् पिढ्या जगलेला. रेबीजची आणि बाकीच्या लसी, जंताचं औषध, नसबंदी, पोटभर खाणं त्यालाही लागतं. फुकट काही नाही, पण एसी लागत नाही.

आणि तरी गोल्डनच घ्यायचा असेल, तू स्वतः घरी राहणार असशील, तर घाईत दोन-तीन गोष्टी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. "लवकर घ्या, लळा लागतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. पिल्लाची आई बघायला मागा. आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे आहेत का विचारा, या जातीत खुब्याचा दोष वंशातून येतो. कॅन्सरचंही प्रमाण जास्त आहे. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनचा जन्मभर अभ्यास चालू आहे, तो मुख्यतः त्याचसाठी. विमा काढणार असाल तर आनुवंशिक आजार वगळलेत का ते आधी वाचा.

मी मोहूसाठी वेगळं खातं उघडलंय, महिन्याला दीड हजार. गाडी, दवाखाना, रक्त, जे काय लागेल ते त्यातून. सध्या त्यात ११ महिन्यांचे पैसे आहेत.

चला, सहा वाजत आले, ऊन उतरलं तरी जमीन तापलेली आहे. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर ठेवून बघणार, ठेवता आली नाही तर अजून तासभर थांबणार. तुमच्या गावात कुत्र्यांवर उपचार करणारे डॉक्टर कुठे आहेत, व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. पूर्व विदर्भाची यादी करतोय, पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. आणि ज्याने प्रश्न विचारला त्या भावा, घरी जाऊन आलास की कळव.