सोन्याला किंमत नसलेला देश



आज आपण एका देशाचा बाजार बघायला जाऊ. तिथे एसटी जात नाही, कारण तो देश फक्त पुस्तकात आहे. त्याचं नाव युटोपिया, आणि नावाचा अर्थच 'कुठेच नसलेली जागा' असा आहे. थॉमस मोर नावाच्या इंग्रज वकिलाचं हे पुस्तक १५१६ साली छापून आलं.

त्या काळी इंग्लंडात लोकरीला चांगला भाव होता. म्हणून जमीनदार शेतांना कुंपण घालून तिथे मेंढ्या सोडत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कुळांना हाकलून देत. पोटासाठी कुणी चोरी केली तर त्याला फाशी व्हायची. हे सगळं मोर बघत होता. त्याच्या मनात आलं, की पैसाच नसता तर माणसं कशी जगली असती? या प्रश्नातून त्याने हा देश रचला.

आता तिथला बाजार बघा. प्रत्येक शहराचे चार भाग, आणि प्रत्येक भागाच्या मधोमध एक बाजार. घरोघरी जे तयार होतं ते बाजारातल्या कोठारात जमा करायचं. घराला जे लागेल ते कुटुंबप्रमुखाने तिथून घेऊन जायचं. दाम द्यायचा नाही, उधारी लिहायची नाही. मग कुणी जास्त नेत नाही का? मोर म्हणतो, उद्या मिळणार नाही या भीतीने माणूस साठवतो. उद्याही मिळणार ही खात्री असली, तर घरात ढीग कशाला लावायचा?

काम मात्र सगळ्यांना आहे. शेती सगळ्यांनी शिकायची, वर एखादा धंदा शिकायचा. दिवसाला सहा तास काम. एवढ्यात भागतं कसं? मोरचं उत्तर असं, की इतर देशांत कितीतरी माणसं रिकामी बसतात. आणि त्या रिकाम्यांत त्याने पहिल्यांदा धरल्या बायका! अर्धी माणसं तीच, म्हणे. पुढे त्याने एवढं मान्य केलंय, की जिथे बायका राबतात तिथे त्यांच्याऐवजी पुरुष घोरत पडतात. पण पाणी, सरपण, भाकरी, दूधदुभतं, लेकरं आणि म्हातारी माणसं, हे काम त्या हुशार माणसाच्या हिशोबात आलंच नाही.

आता सोन्याकडे येऊ. युटोपियात सोन्यारुप्याची करतात काय, तर रात्रीची लघवीची भांडी! गुन्हेगारांच्या कानांत सोन्याच्या बाळ्या आणि गुलामांच्या पायांत सोन्याच्या बेड्या. हिरेमोती लहान मुलांना खेळायला. एकदा परदेशाचे तीन वकील गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून, नटूनथटून तिथे आले. लोकांनी साध्या कपड्यांतल्या नोकरांनाच मुजरे केले आणि वकिलांना गुलाम समजून सोडून दिलं.

मोरचं म्हणणं एवढंच, की लोखंडावाचून माणसाचं चालत नाही, सोन्यावाचून चालतं. खुरपं, विळा, तवा, नांगराचा फाळ यांची किंमत त्यांच्या कामात आहे. सोन्याची किंमत आपण सगळ्यांनी मिळून मानली म्हणून आहे.

मी अंगावरचा दागिना टाकून द्या म्हणत नाही. अडीनडीला, रात्री-अपरात्री दवाखाना निघाला, तर तोच गहाण ठेवून आपण वेळ मारून नेतो. आणि युटोपियाचे लोकही सोनं फेकून देत नाहीत. लढाई आली की भाड्याचे शिपाई आणायला ते बाहेर काढतात. म्हणजे शेजारच्या जगात सोनं चालतं, हे त्यांनाही सोडता आलेलं नाही.

त्यांचा बाहेरचा व्यापारही ऐकण्यासारखा आहे. आधी आपल्याला दोन वर्षं पुरेल एवढं धान्य बाजूला ठेवायचं. उरलेलं धान्य, मध, लोकर, लाकूड, मेण, कातडी बाहेर पाठवायची. त्यातला सातवा हिस्सा त्या देशातल्या गरिबांना फुकट द्यायचा आणि बाकीचं बेताच्या भावाने विकायचं. येताना लोखंड आणायचं, कारण ते त्यांच्याकडे नाही. उधारी द्यायची ती एकट्या माणसाच्या भरवशावर नाही, अख्ख्या शहराने हमी घेतली तरच. ही रीत आपल्या ओळखीची आहे. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँक कर्ज देते ते गटाला आणि गट देतो सदस्याला. एकीचा हप्ता थकला तर दहाजणी तिच्या दारात जातात.

एवढं सगळं ऐकून वाटेल, सुखाचा देश आहे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नका. एक, तिथली जड आणि घाणीची कामं गुलाम करतात. दुसरी, कोठारात जाऊन सामान आणतो कोण? कुटुंबप्रमुख, म्हणजे घरातला वडील पुरुष. बाई तिथेही नवऱ्याच्या हुकमात. मोरने पैसा काढून टाकला, पण घरात काय आणायचं हे ठरवणारा हात तोच राहिला.

हा हात बदलला तो आपल्याकडच्या एका बाईने. बंगालच्या रोकेया सखावत हुसेन. शाळेत कधी गेल्या नाहीत, भावाकडून घरीच इंग्रजी शिकल्या. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात त्यांनी 'सुलतानाचं स्वप्न' ही कथा लिहिली. त्यातल्या देशात पुरुष घरात, पडद्यात. बायका कारभार बघतात आणि कचेरीचं काम दोन तासांत उरकतात, कारण विड्या ओढत वेळ काढायची त्यांना सवय नाही. तिथली राणी म्हणते, व्यापार मला आवडतो, पण ज्या देशात बायकांना कोंडून ठेवतात त्या देशाशी व्यापार कसा करू? तिथल्या बाया सौद्याला येऊच शकत नाहीत. पुढे १९११ साली रोकेयाबाईंनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली.

या दोन पुस्तकांवरून मी तुमच्यापुढे एक गोष्ट ठेवते. पैसा असो, धान्य असो, सोनं असो, ते कमावणं हे अर्धं काम झालं. काट्यापाशी उभं कोण राहतं, पट्टी कुणाच्या नावाने फाटते आणि रक्कम कुणाच्या खात्यात जाते, हे उरलेलं अर्धं काम. मळणीपर्यंत बाई राबली आणि बाजाराच्या दिवशी ती घरी राहिली, तर तिच्या घामाचा हिशोब दुसऱ्याच्या खिशात जातो.

येत्या बैठकीत वसुली झाली की तीन प्रश्नांवर बोला. मागच्या वर्षी गटातून काढलेलं कर्ज कुणाच्या हातात खर्च झालं? आपल्यातल्या कितीजणी आपला माल स्वतः विकायला जातात? आणि जात नाहीत त्यांना अडवतं काय, अंतर, पोरंबाळं, वजनाचा हिशोब की घरचा नकार? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा. एकटीला बाजारात जायचा संकोच वाटत असेल, तर पहिल्या खेपेला गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जायचं ठरवा.