सेवेस आलेले पाहुणे

(धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



परदेशांतून आपल्याकडे सेवेसाठीं आलेल्या विद्यार्थ्यांविषयीं आम्हीं दोन शब्द सांगावे, अशी समितीची आज्ञा झाली आहे. दोन शब्दांत आम्हांस कधींच भागवितां आलेलें नाहीं, हें आपण जाणतांच.

शिकत असतांनाच सेवेसाठीं समुद्र ओलांडून येणें, ही गोष्ट आपल्या भाषेस नवी नाहीं. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास उतरले, तेव्हां त्यांस गुरुदीक्षाही मिळालेली नव्हती. ते आले शिकवावयास, आणि आधीं शिकत बसले. शिकले ते असें कीं, १६१६ सालीं राचोल येथें छापलेलें त्यांचें ख्रिस्तपुराण सुमारें ११,००० मराठी ओव्यांचें झालें. आपल्या जिल्ह्यांतील उदाहरण फादर हर्मन बाखर यांचें. हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय १९४८ सालीं तरुणपणीं भारतांत आले व पुढें याच मातींत रुळले. डोंगरावरचा पाऊस डोंगरावरच जिरवावा आणि त्यासाठीं गांवानें स्वतः श्रमदान करावें, हा त्यांचा आग्रह. १९९३ सालीं स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचें मूळ त्यांतच आहे. २०२१ सालीं ते देवाघरीं गेले.

आमचे पाहुणे मात्र पंधराच दिवसांसाठीं आले होते. एकंदर अकरा जण. ईस्टर होऊन गेला होता व विहिरींनीं तळ गांठला होता. पहिल्या रविवारीं मंदिराच्या दारांत वहाणांचा ढीग पाहून ते थबकले. मग त्यांनींही बूट काढिले व सतरंजीवर मांडी घालण्याची खटपट केली. पवित्र मिस्सांत पेटी, तबला व टाळ यांच्या साथीनें भजन चाललेलें ऐकून एकानें विचारलें कीं, ही चाल कोणत्या धर्माची? आम्हीं त्यास नेवाशास नेलें. ज्या खांबाशीं टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली असें लोक मानतात, तो खांब दाखविला व म्हटलें, ओवीचें हें घर. स्टीफन्स फादरांनीं आपल्या प्रभूच्या चरित्रासाठीं ती येथल्या लोकांपासूनच घेतली.

हें सांगतांना आम्हांस मोठी धन्यता वाटली. परंतु एक गोष्ट आम्हीं लपविली होती. पाण्याची येथें ददात नाहीं असें आम्हींच त्यांस भासविलें होतें, आणि त्यांच्या स्नानासाठीं वस्तीवरील बाया रोज पहांटे दीड मैलावरून हंडे आणीत होत्या. चौथ्या दिवशीं त्यांच्यांतील एक मुलगी लवकर उठून बायांच्या मागें विहिरीवर गेली. परत आली ती डोईवर अर्धा सांडलेला हंडा घेऊन. आम्हांस ती कांहींच बोलली नाहीं; पण त्या दिवसापासून अकराही जणांनीं दोन बादल्यांत अंग पुसून भागविलें. तुम्हीं तिला सांगितलें काय, असें आम्हीं बायांस विचारतांच एक आजी म्हणाल्या, "फादर, आम्ही कशाला सांगूं? पाहुण्याला पाणी कमी पडूं द्यायचं नसतं. पण ती पोर पाहुणी राहायलाच तयार नाही, त्याला काय करावं?"

शाळेची भिंत रंगविण्याचा बेत होता. तो सोडून ते टेकडीवर समपातळी चर खणावयास आले. दोन दिवसांतच हातांस फोड आले. फोडांवर हळद लावतांना बाया हंसत होत्या, आणि खरें सांगावयाचें तर त्या आजींच्या एकटीइतकें काम तिघांच्यानेंही होत नव्हतें.

आतां कबुलीची गोष्ट. टाकी व पंप यांसाठीं साहाय्य मागणारें पत्र आम्हीं लिहून ठेविलें होतें. निरोपाच्या रात्रीं तें झग्याच्या खिशांत होतें. जपमाळ झाल्यावर त्या मुलीनें बायांपुढें हात जोडून पहिल्या तीन दिवसांच्या पाण्याबद्दल क्षमा मागितली, आणि मग आम्हांस तें पत्र बाहेर काढवेना. फादरांच्या मानापायीं वस्तीचें पाणी गेलें, असा कांहीं मंडळींनीं दोष दिला. त्यांस आम्हीं उत्तर देऊं शकलों नाहीं. हंडा त्यांच्या घरच्या बायांच्या डोईवर आहे, आमच्या नव्हे.

टेकडीवरचे चर अर्धेच राहिले आहेत. येत्या शनिवारीं सकाळच्या मिस्सानंतर आम्ही तेथें जाणार आहों. कुदळी मिशनच्या कोठींत आहेत. घमेलीं ज्यांचीं त्यांनीं आणावीं.