मैदानावरचे आकाश



दिल्लीत क्रिकेटचा मोठा सामना असला, की फिरोजशहा कोटल्याबाहेर दुपारपासूनच रांगा लागतात. फाटकाशी प्रेक्षकाचे खिसे चाचपले जातात. पाण्याची बाटली बाहेर राहते, सुटी नाणी बाहेर राहतात, आणि सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेला गृहस्थ अखेर आपल्या जागेवर जाऊन बसतो. चारी बाजूंनी भिंत, फाटके आणि शिपाई. या साऱ्या बंदोबस्तात वरची बाजू मात्र उघडी असते. ती राखण्याची गरज आजवर कोणास भासली नव्हती. वरून येणार काय? फार तर दर्यागंजातल्या एखाद्या गच्चीवरून कटलेला पतंग, नाही तर दिल्लीच्या आकाशात सदैव घिरट्या घालणारी एखादी घार.

ड्रोन नावाचे चिमुकले यान बाजारात आले आणि ही निश्चिंती संपली. आपल्याकडील नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचे यान हे सर्वांत लहान, 'नॅनो' वर्गातले. क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे 160 ग्रॅम असते; म्हणजे हे यान दीड चेंडूइतके. ऐकावयास किरकोळ वाटते. पण 400 फुटांवरून निसटलेली वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, पाच सेकंदांत खाली येते. प्रेक्षकांनी खच्चून भरलेल्या सज्जात पाच सेकंदांत कोण कोठे सरकणार?

या गोष्टी केवळ कल्पनेतल्या नाहीत. 14 ऑक्टोबर 2014 रोजी बेलग्रेड येथे सर्बिया व अल्बानिया यांचा फुटबॉलचा सामना चालू असता, एक ड्रोन राजकीय निशाण लटकावून मैदानावर उतरू लागला. एका खेळाडूने ते निशाण ओढले, त्यावरून हातघाई झाली, आणि सामना तेथेच संपला. त्याचा निकाल लागला तो पुढील वर्षी, लोझानच्या क्रीडा-लवादापुढे! पॅरिसच्या 2024 सालच्या ऑलिंपिकमध्ये तर कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाच्या गोटातून प्रतिस्पर्ध्यांच्या सरावावर ड्रोनने हेरगिरी झाली, आणि त्या संघाचे सहा गुण कापले गेले. परंतु मला या सर्वांहून बोलकी वाटते ती इटलीतील घटना. 22 डिसेंबर 2015 रोजी मार्सेल हिर्शर हा ऑस्ट्रियाचा स्कीपटू बर्फाच्या उतारावरून वेगाने येत असता, एक जड ड्रोन त्याच्या पाठीमागे, अगदी थोडक्या अंतराने, आदळला. तो कोणा उपद्व्यापी माणसाचा नव्हता. शर्यतीचे चित्रण करणाऱ्यांचाच होता. यंत्र पडावयाचे झाले, म्हणजे ते आपला परवाना दाखवून पडत नाही.

आता दिल्लीकडे वळू. 2018 साली आपल्याकडे ड्रोनविषयी जे पहिले तपशीलवार नियम झाले, त्यांत विजय चौकाभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून तेथे उड्डाणास मज्जाव केला होता. नकाशावर कंपास ठेवून पाहिले, तर कोटला सुमारे साडेचार किलोमीटरांवर येतो, लोदी मार्गाकडील नेहरू स्टेडियमही जवळजवळ तितकेच. मेजर ध्यानचंद स्टेडियम आणि आपल्या छत्रपतींच्या नावाचे शिवाजी स्टेडियम तर बरेच आत. म्हणजे राजधानीतील खेळाची प्रमुख मैदाने राजसत्तेच्या सावलीतच उभी आहेत. त्यांच्यावरचे आकाश सामना असो वा नसो, मोकळे नव्हतेच.

पुढे 27 जून 2021 रोजी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनने हल्ला झाला. यानंतर नियम आवळले जातील असे कोणासही वाटले असते. पण दोनच महिन्यांनी, 25 ऑगस्टला, जे ड्रोन नियम आले ते पुष्कळच सैल होते, आणि हे शहाणपणाचे झाले असे माझे मत आहे. त्यांनी देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग पाडले. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगीवाचून उडावे. पिवळ्यात विमान-नियंत्रकास विचारावे. तांबड्यात केंद्र सरकारच्या अनुज्ञेवाचून जाऊ नये. आणि निकडीच्या प्रसंगासाठी 'तात्पुरता तांबडा विभाग' अशी एक तरतूद ठेवली. तो पोलीस अधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याने जाहीर करू नये, एका वेळी 96 तासांहून अधिक चालवू नये, त्याचा विस्तार वाजवी असावा, आणि तो सर्वांस दिसणाऱ्या नकाशावर दाखवावा. क्रीडास्पर्धेस याहून सोयीची तरतूद कोणती असणार? सामना एका दिवसाचा असतो, मैदान एका जागी असते.

तथापि दिल्लीत प्रघात निराळा पडला आहे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन किंवा मोठी परिषद आली, की पोलीस आयुक्तांचा हुकूम निघतो. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या 144 कलमाखाली निघे, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली निघतो. त्यात ड्रोनबरोबर पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगेही येतात. हा हुकूम साऱ्या शहरास लागू होतो, आठवडेच्या आठवडे चालतो, आणि कायद्याने दोन महिन्यांपर्यंत चालू शकतो. कोठे 96 तास आणि कोठे दोन महिने!

धोका खोटा आहे असे मी म्हणत नाही. 8 मे 2025 रोजी रावळपिंडीत क्रिकेट स्टेडियमजवळ ड्रोन कोसळला आणि तेथला सामना पुढे ढकलावा लागला. त्याच रात्री धरमशाला येथे पंजाब व दिल्ली हे संघ खेळत असता दिवे मालवून प्रेक्षकांना परत पाठवावे लागले. अशा वेळी ड्रोनचा रेडिओ-संदेश तोडणारी यंत्रे मैदानाशी हवीत, हेही खरे. पण त्यातही मेख आहे. संदेश तुटला की काही याने निघाल्या जागी परततात, तर काही आहेत तेथेच उतरतात. आणि भरल्या मैदानात 'आहेत तेथेच' म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर. तेव्हा यान मैदानापर्यंत पोहोचूच नये, यासाठी भोवतालच्या पट्ट्यात सामन्यापुरती कडक बंदी असणे मला योग्यच वाटते.

गंमत अशी, की या निषिद्ध आकाशात यंत्रे उडतच नाहीत असे नव्हे. 29 जानेवारी 2022 रोजी खुद्द विजय चौकात, दिल्लीच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांनी एक हजार ड्रोन एकाच वेळी उडवून आकाशात चित्रे रेखली. 2021 साली क्रिकेट नियामक मंडळास सामन्यांच्या चित्रणासाठी ड्रोन वापरण्याची सशर्त मुभा मिळाली होती. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, परवान्याचा आहे. आणि परवाना मोठ्यांस लवकर सापडतो.

माझ्या परिचयाचा एक छायाचित्रकार लक्ष्मीनगरात राहतो. लग्ने, समारंभ यांवर त्याचा प्रपंच चालतो. फरिदाबादेकडील एका शाळेच्या क्रीडास्पर्धांचे चित्रण त्याने पत्करले होते. त्याच आठवड्यात 'दिल्लीत बंदी' एवढे त्याच्या कानी आले. फरिदाबाद हरियाणात; दिल्लीचा हुकूम तेथे चालत नाही. परंतु यमुनेच्या या परिसरात दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश अशी तीन पोलीस-खाती एकमेकांस खेटून आहेत, आणि एकाची हद्द संपून दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे यानास कळत नाही, तसे त्यालाही कळेना. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो, एवढे मात्र ठाऊक होते. त्याने पेटी उघडलीच नाही. मुलांच्या शर्यती जमिनीवरूनच टिपल्या, आणि ठरल्या पैशांतले निम्मे घेऊन तो घरी आला.

नंतर आम्ही दोघांनी बसून तो रंगीत नकाशा उघडला. शाळेचे मैदान हिरव्यात होते. त्याने बराच वेळ त्या ठिपक्यावर बोट ठेवले होते. मग म्हणाला, "बंदी सुरू झाल्याचे तीन जणांनी सांगितले हो, उठल्याचे कोण सांगणार?" मी हुकूम पुन्हा वाचला. अखेरची तारीख शेवटच्या परिच्छेदात होती. ती मी त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिली.