वरून आलेली माणसं आणि आपले पाडे

(तळोदा तालुक्यातल्या जंगलपट्टीच्या पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. टिपून घेतलं तसंच देत आहोत.)



आम्हाला एकाच गोष्टीवर बोलायला सांगितलं आहे. पावसाळ्याच्या आधी नर्मदाकाठची आणखी काही घरं खाली आणणार आहेत. ज्या पाड्यांच्या शेजारी त्यांना आणून टाकणार, त्या पाड्यांनी विचारलं आहे की आम्ही काय करायचं? एका पाड्यानं तर निरोप धाडला, ट्रक आले तर अडवू. रागात बोलले असतील. पण हा राग आम्हीही एकदा करून बसलो आहोत, म्हणून तर आज आम्हाला उभं केलं आहे.

आधी जुनी गोष्ट थोडक्यात, कारण पोरं नवी आहेत. सरदार सरोवर धरणाबद्दल लवादाचा निकाल लागला १९७९ साली. आपल्या बाजूची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली ३३ गावं त्यात जाणार. मणिबेली सगळ्यात खालचं, म्हणून पाणी पहिल्यांदा तिथं. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरं पाण्यात गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के म्हणतात. आपल्या पाड्यावर रॉकेलची चिमणी आहे, ती असो.

लवादानं म्हटलं, जमीन गेलेल्या खातेदाराला कमीत कमी दोन हेक्टर जमीन द्या. वयात आलेल्या मुलाला वेगळं कुटुंब धरा. घराला साठ फूट बाय नव्वद फूट जागा द्या. पन्नास कुटुंबांमागे एक विहीर, तिला गुरांसाठी हौद. शंभर कुटुंबांमागे शाळा. कागदावर चांगलं आहे. पण जमीन आणायची कुठून? सपाटीवर ऊस-केळीवाल्याच्या जमिनीला हात लावायची कुणाची छाती नाही. मग नजर गेली तळोद्याच्या जंगलावर. १९९० साली दिल्लीनं परवानगी दिली, पुढं वाढत वाढत ४,२०० हेक्टर जंगल मोकळं करायचं ठरलं.

आता त्या जंगलात कोण होतं? आपण होतो. आपली नेवाडं होती. आपण कागद मागायला गेलो की सांगायचे, १९८० चा कायदा आहे, जंगलजमीन देता येत नाही, दिल्लीला विचारावं लागतं. नांगराला एक लाकूड तोडलं तर दंड. बाईनं मोळी आणली तर कुऱ्हाड जप्त. आणि त्याच जंगलात एका वर्षी करवती चालल्या, ट्रक भरभरून लाकूड गेलं, तेव्हा कायदा आडवा आला नाही. म्हणजे कायद्याला तोंड दोन आहेत. हा राग खरा होता, अजूनही खरा आहे. फक्त तो काढला कुणावर, ते आता सांगतो.

पहिल्या वर्षी मोजणीवाले आले. आम्ही त्यांचे खुंट उपटले. रात्रीत उपटायचो, सकाळी ते पुन्हा ठोकायचे. बाया ट्रॅक्टरपुढं बसल्या. ते बरोबर होतं, त्याबद्दल आम्हाला काही वाटत नाही. पण मग वैशाखाच्या शेवटी ट्रक आले, त्यात माणसं होती. भांडी, कोंबड्या, घराच्या वासा-खांबांचे तुकडे, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला देवाचा दगड. त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये उतरवलं. आणि आम्ही बांधावर उभं राहून बघत होतो. काही पोरं हसली. कुणी तरी ओरडलं, आमची जमीन खायला आले. पाणी सुद्धा दाखवलं नाही आम्ही. हातपंप कुठं आहे ते विचारलं तर चुकीची वाट दाखवली. हे आमच्याच पाड्यानं केलं, दुसऱ्याचं सांगत नाही.

पाऊस लागला. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा आत बोललेलं ऐकू येत नाही आणि पत्र्याखाली चूल पेटत नाही, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांच्यातली एक बाई आमच्या पाड्यावर आली, हातात फुटकी खापरी. विस्तव मागायला. काडीपेटी भिजली, लेकरं दिवसभर उपाशी. आता तुम्ही सांगा, आपल्यात विस्तव मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणतं? वैऱ्याला सुद्धा देतो. आमच्या एका आजीनं निखारे दिले, वर ज्वारीचं पीठ घातलं पदरात, आणि आपल्या रीतीप्रमाणं विचारलं, कुळ कोणतं बाई तुझं? कुळ विचारल्यावर निघालं की तिच्या सासूचं माहेर आणि आमच्या दोन घरांचं कुळ एकच. सकाळी ती आजी काठी टेकत शेडवर गेली. तिच्या मागून सुना गेल्या. सुना गेल्या म्हटल्यावर गडीमाणसांनी घरी बसून काय करायचं?

मेळाव्यात आपण 'आमु आखा एक' ओरडतो. ओरडायला सोपं आहे. आमच्या पाड्यावर ते विस्तवाच्या खापरीनं झालं.

मग बैठक घेतली, मोहाखाली. एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही, मध्ये दोन्हीकडचे कारभारी. आम्ही आमच्या दंडाच्या पावत्या आणल्या. काहींच्या पावत्या बापाच्या नावाच्या, वाळवीनं खाल्लेल्या. त्यांनी त्यांना मिळालेले प्लॉटचे कागद आणले. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आमचा वाचणारा एकच पोरगा, त्यानं वाचलं, आणि कळलं की कितीतरी ठिकाणी जमीन एकच. वरच्या माणसाला सांगितलं होतं, जमीन मोकळी आहे, कुणी नाही. आम्हाला सांगितलं होतं, ते लोक तुमची जमीन मागत आहेत. दोघांशी बोलणारा साहेब एकच!

त्यांच्यातले एक जुने कारभारी उठले. त्यांचं म्हणणं असं होतं, की आपली जमीन पाण्याखाली जाताना डोळ्यानं पाहिली आहे, दुसऱ्याच्या पेरलेल्या शेतात नांगर घालायला हात उचलणार नाही. आम्ही गप्प झालो. आमच्यातल्या कुणीतरी म्हटलं, मग तुम्ही खाल काय? त्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडंही नव्हतं.

तरी त्या दिवशी ठरलं. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून शिवार फिरायचं. ज्या तुकड्यात नेवाड आहे त्याच्या कोपऱ्याला चुन्याचा दगड. त्या तुकड्याचा कागद ज्याला मिळाला त्यानं तो परत करून दुसरी जमीन मागायची, आणि मागताना आम्ही त्याच्या सोबत जायचं. आणि आमच्या नेवाडाचा दावा जाईल तेव्हा त्यांनी साक्ष द्यायची, की होय, आम्ही आलो तेव्हा हे शेत कसलेलं होतं. ही साक्ष फार मोलाची आहे, हे लक्षात ठेवा. १९७८ चा सरकारी ठराव होता ना, १९७२ ते १९७८ मधलं अतिक्रमण कायम करायचा? आपल्यातल्या कितींचं नाव लागलं? ज्याच्याकडं पावती नव्हती त्याचं लागलं नाही, आणि ज्याच्याकडं होती त्याचंही लागलं नाही. साक्षीदार नव्हता. आता साक्षीदार शेजारी राहायला आला आहे आणि तुम्ही त्याचा ट्रक अडवायला निघाला आहात!

तालुक्याला मोर्चा गेला तेव्हा दोन्हीकडची माणसं मिसळून चालली. कोण कुठला ते साहेबांना कळेना. कुणाचं ऐकायचं आणि कुणाला कुणाची भीती घालायची, ते त्यांना सुचेना.

सगळं मिटलं का? नाही. काहींना दुसरी जमीन मिळाली, त्यात निम्मी दगडाची. काहींना अजून मिळाली नाही, ते आमच्यातल्याच घरांबरोबर अर्धलीनं करतात. अर्धल ही काही चांगली गोष्ट नाही, पण उपाशी बसण्यापेक्षा बरी, आणि बियाणं आम्ही घालतो असं ठरलं आहे. एका घरानं बियाणं घातलं नाही आणि वाटा मात्र पुरा घेतला. त्याला पंचात बोलावलं, चांगलं सुनावलं. नाव घेत नाही, तो इथंच बसला आहे.

घरांचं सांगतो. पत्र्याच्या शेडमधून निघून घर बांधायचं तर लाकूड नाही, मजुरीला पैसा नाही. मग लाह केली. ज्याच्या घरची लाह त्यानं जेवण द्यायचं, बाकीच्यांनी हात द्यायचे, ही रीत वरही तीच आणि इथंही तीच. त्यांच्याकडं जेवण द्यायला दाणे नव्हते, तर पहिल्या वर्षी दाणे सुद्धा आम्हीच नेले. म्हणजे लाहही आमची आणि जेवणही आमचं! पण पुढच्या वर्षी आमच्या कौलांच्या वेळेला ते बोलावण्याची वाट न पाहता आले. कुड विणण्यात त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला आहे, हे कबूल केलं पाहिजे. भादी आणि बंटीचं बी आमच्याकडं संपल्यात जमा होतं, ते त्यांच्या मडक्यातून परत आलं.

भांडणं काय कमी झाली? हातपंपावर रोज. एक पंप, दोन गावांच्या बाया. पन्नास कुटुंबांमागची ती विहीर कागदातच होती, म्हणून आमच्या पंपावर भार. गड्यांनी तोडगा काढायला दोन बैठका घेतल्या आणि निघाला काही नाही. मग बायांनी आपसात ठरवलं, सकाळी आमच्या आधी, संध्याकाळी त्यांच्या आधी, बाळंतिणीच्या घरचा हंडा कधीही. दुसरं भांडण चराईचं. त्यांची गुरं डोंगरात मोकळी चरलेली, इथं चहूकडं पीक. पहिल्या वर्षी कोंडवाड्यापर्यंत गेलं. आता एक गुराखी त्यांचा, एक आमचा, गुरं एकत्र. तरी वर्षातून दोन-तीनदा वाजतंच. भाऊ-भाऊ काय भांडत नाहीत?

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलतो. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचं एक लहान लेकरू गेलं. हगवणीनं. त्याला पुरायचं कुठं? वसाहतीच्या नकाशात प्लॉट होते, रस्ता होता, मातीला जागा नव्हती. बाप लेकराला घेऊन बसून राहिला, वर पाऊस. आमच्यात वाद झाला. काही म्हणाले, आपल्या मातीत परक्या गावाचं माणूस कसं ठेवायचं, उद्या तीच जागा सांगतील आमची. असं बोलणारे आमच्यात होते. शेवटी आमच्या कारभाऱ्यांनी स्वतः कुदळ घेतली आणि आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी खड्डा काढायला लागले. बोलले काही नाहीत. त्या दिवसापासून ते लोक इथले झाले असं आम्ही मानतो. प्लॉटचा कागद पुढं आला.

आता नव्यानं येणाऱ्यांबद्दल. एक तर त्यांना गद्दार म्हणू नका. वर अजून माणसं पाण्याला छाती लावून बसली आहेत, हटणार नाही म्हणतात, त्यांना आपला पाठिंबा आहेच. पण जो खाली आला त्याच्या घरात काय झालं ते आपल्याला माहीत नाही. कुणाचं शेत आधीच बुडालं, कुणाचा भाऊ गेला म्हणून मागून हा आला. वर राहिलेले आणि खाली आलेले, दोघांत फूट पाडायला आपलं तोंड वापरू देऊ नका.

दुसरं, ट्रक आल्यावर जायचं नाही, आधी जायचं. कोणत्या गावची माणसं आहेत, कुळं कोणती, म्हातारे किती, बाळंतीण आहे का, हे आधी विचारून घ्या. मातीची जागा आधी ठरवा. देव ठेवायची जागाही. त्या म्हाताऱ्याच्या मांडीवरचा दगड सहा महिने पत्र्याखाली होता, आम्हाला सुचलंच नाही विचारायचं.

आणि सपाटीवरच्या पैसेवाल्यापासून सावध. त्याची मोटारसायकल ट्रकच्या पाठोपाठ येते. रोख हातावर ठेवतो, म्हणतो, जमीन पाच वर्षं मला दे, तुला काय कसता येणार आहे. वरच्या माणसाला रोखीची सवय नाही. तिथं मीठ-तेल सोडलं तर पैसा लागत नव्हता, इथं सरपणापासून लागतो. हातात नोटा आल्या की अंगठा उठतो, आणि मग हा आपल्याच जमिनीवर मजूर. आमच्याकडं दोन घरांचं असं झालं. पाटा-पाभर, बैल, बी नसेल तर आपण द्यायचं. त्याचं शेत पैसेवाल्याच्या हातात गेलं तर उद्या आपल्या नेवाडाच्या बांधाला बांध त्याचा लागेल.

काहींनी विचारलं, यांना घेतलं म्हणजे धरण मान्य केलं असं होईल का? नाही होत. घर जळालेल्या माणसाला आपण ओसरी दिली म्हणजे आग मान्य केली असं कुणी म्हणत नाही.

तर येत्या रविवारी शिवार फिरायचं आहे. ज्या चार पाड्यांशेजारी नवी वसाहत होणार त्या चारही पाड्यांतून दोन-दोन गडी आणि दोन-दोन बाया हव्यात. बाया नक्की हव्यात, कुणाचं नेवाड कुठून कुठपर्यंत हे त्यांनाच जास्त माहीत असतं. जुन्या वसाहतीतले काही जण येतो म्हणाले आहेत, त्यांना नकाशा वाचता येतो. आपापल्या दंडाच्या पावत्या घेऊन या, फाटल्या असतील तरी आणा. दोर आमच्याकडं आहे. चुना मात्र कमी पडेल, तो कुणीतरी आणा.