हेल्मेटमधला थर्माकोल

थर्माकोल म्हटलं की आपल्याला गणपतीचं मखर आठवतं. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. पण टीव्हीच्या खोक्यात, मासळीच्या पेटीत तो अजून आहे. आणि तुमच्या हेल्मेटमध्येही!

पॉलिस्टायरीनचे बारीक मणी वाफेवर फुगवतात, मग साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. मणी एकमेकांना चिकटतात. पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते, म्हणून पेटीत बर्फ टिकतो.

हेल्मेटमध्ये हाच पदार्थ, पण जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो चेपतो आणि धक्क्याचा बराच जोर स्वतःवर घेतो. मात्र चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. बाहेरून कवच धड दिसतं, आतला थर कामातून गेलेला असतो.

म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट 'चांगलंच आहे की' म्हणून धाकट्या भावाला देऊ नका. पेट्रोल किंवा थिनरने पुसूही नका, त्याने थर्माकोल विरघळतो. साबणाचं पाणी पुरे. आज घरी गेल्यावर आपलं हेल्मेट एकदा आतून बघा.