लयन-पुण्य आणि बेघरांचा निवारा

(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पन्नास वर्षांची सेवापरंपरा जपणाऱ्या या ट्रस्टचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. सुवर्णमहोत्सव हा जसा कृतज्ञतेचा, तसाच नव्या संकल्पाचाही प्रसंग असतो. म्हणूनच आज एका उपेक्षित विषयाकडे आपले लक्ष वेधावे, असे मला वाटते. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ज्यांना अपंगत्व, मनोविकार वा वार्धक्य यांमुळे स्वतःचे छप्पर मिळविताही येत नाही, अशा माणसांच्या निवाऱ्याचा हा विषय आहे.

नवतत्त्वांचा अभ्यास करताना पुण्याचे नऊ प्रकार आपण सर्वांनी पाठ केले आहेत. प्रथम अन्न-पुण्य, मग पान-पुण्य आणि त्यांच्या पाठोपाठ लयन-पुण्य व शयन-पुण्य, म्हणजे राहण्यास जागा देणे आणि निजण्यास अंथरूण देणे. वस्त्राचा क्रम त्यानंतर लागतो. अन्न-पाण्याच्या बाबतीत आपला समाज कधी मागे राहिला नाही. दुष्काळातील चारा छावण्या, उन्हाळ्यातील पाणपोया, पांजरपोळ ही त्याची साक्ष आहे. लयन-पुण्य मात्र आपण बहुधा साधु-साध्वींच्या निवासापुरते मर्यादित ठेवले. त्यांना जागा देणाऱ्या गृहस्थास आपण 'शय्यातर' म्हणतो. शय्या देऊन जो तरतो तो शय्यातर, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. या भावनेचा एक अंश बसस्थानकाच्या फलाटावर रात्र काढणाऱ्या निराधारापर्यंत पोहोचावा, एवढेच माझे मागणे आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होते. आपला बीड जिल्हा तर स्थलांतराचा जिल्हा. दसरा-दिवाळीनंतर येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि फडाजवळच्या कोपीत सहा महिने संसार मांडतात. मागे राहतात ती थकलेली माणसे आणि लेकरे. घर असूनही ते सांभाळणारे कोणी नसणे, हेही एक प्रकारचे बेघरपणच होय. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. या आनंदाच्या घटनेबरोबर एक जबाबदारीही आली आहे, कारण रेल्वे जेथे पोहोचते तेथे वाट चुकलेली, घरच्यांनी टाकून दिलेली माणसेही पोहोचतात.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी बेघरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी, चोवीस तास खुला निवारा असा निकष घालून दिला आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरविली. २०११ च्या जनगणनेनुसार बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घरकुल बांधणाऱ्यास केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांचे साहाय्य मिळते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३७ अन्वये घरवाटपात दिव्यांगांसाठी पाच टक्के आरक्षण आहे. केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत या कारणास्तव मनोरुग्णास रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो.

मग अडते कोठे? घरकुलासाठी स्वतःची जागा हवी. जागेच्या उताऱ्यासाठी, बँक खात्यासाठी, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ओळखपत्र हवे आणि ओळखपत्रासाठी पत्ता हवा. ज्याला पत्ताच नाही त्याच्यासाठी ही सारी दारे एकाच वेळी बंद होतात. ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच योजनेच्या बाहेर राहतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने दिलेला दाखला मात्र आधार नोंदणीसाठी ग्राह्य धरला जातो. म्हणजे निवारा केवळ रात्रीपुरते छप्पर देत नाही. तो माणसाला पत्ता देतो, आणि पत्त्यामागून त्याचे हक्क येतात.

फिनलंड या देशाने २००८ पासून 'आधी घर' हे धोरण राबविले. व्यसन सोडा, बरे व्हा, मग घर देऊ, असे न म्हणता आधी घर दिले आणि उपचार त्यानंतर सुरू केले. तेथील बेघरांची संख्या त्यामुळे पुष्कळच घटली.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर श्री. शांतिलाल मुथा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. बीडजवळ पाली येथे श्री. दत्ता व सौ. संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित बालकांना घर दिले. गेवराईत श्री. संतोष गर्जे यांनी अनाथ मुलांचे बालग्राम उभारले. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरील मनोरुग्ण भगिनींना आश्रय देतात. ज्यांना कोणीही ठेवून घेत नव्हते, त्यांनाच या मंडळींनी प्रथम आत घेतले.

आता ट्रस्टपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, महोत्सवी निधीतून नवे सभागृह बांधण्यापूर्वी धर्मशाळेतील तळमजल्याच्या चार खोल्या निराधार व दिव्यांगांसाठी राखून ठेवाव्यात. तेथे उंबरठ्याऐवजी उतार असावा, स्नानगृहात धरण्यास दांडी असावी. दुसरी, कागदपत्रांसाठी निराधारांसोबत नगर परिषद व जिल्हा रुग्णालयात जाणारे युवक-युवतींचे पथक तयार करावे. तिसरी, शहरातील निवाऱ्याच्या व्यवस्थेवर समाजाने सातत्याने लक्ष ठेवावे आणि तेथे जे कमी असेल त्याची पूर्तता करावी.

अनोळखी माणसे येतील, अस्वच्छता होईल, खोली बळकावली जाईल, अशी शंका काहींच्या मनात येईल. ती निराधार नाही. परंतु नोंदवही, पोलिसांना सूचना, ठरावीक मुदत आणि एक जबाबदार व्यवस्थापक एवढ्याने तिचे पुष्कळसे निवारण होते. अनेक धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली मिळत नाही. खरे तर एकट्या माणसालाच तिची गरज अधिक असते.

अहिंसेचा अर्थ केवळ न मारणे एवढाच नाही, तर अभय देणे हाही आहे. आणि रात्री दार लावून निर्धास्त झोपता येणे, हे निराधार माणसासाठी पहिले अभय आहे. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांच्या इतिहासात हे अभयदान ठळकपणे नोंदले जावो, ही शुभकामना व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र.